क्यार्वाल आणि आउस्ग्रीमुर यांची ‘संपूर्ण कारकीर्द’ रेक्याविकमध्ये एकत्र का दिसत नाही, आणि मग तिथे काय पाहावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही नाशिकला चित्रकला शिकवता. मुलगी कोपनहेगनला असते, तिच्याकडे जाणार आहात आणि तिथून जूनमध्ये चार दिवस रेक्याविकला. आइसलँडचे दोन दिवंगत चित्रकार, योहान्नेस क्यार्वाल आणि आउस्ग्रीमुर योनसोन, यांची चित्रं पुस्तकात पाहिल्यापासून तुमच्या मनात घर करून आहेत. क्यार्वाल यांच्या नावाची अख्खी इमारत आहे, आउस्ग्रीमुर यांच्या राहत्या घराचं संग्रहालय झालंय, म्हणजे दोघांचं आयुष्यभराचं काम तिथे ओळीने लावलेलं असणार, असं तुम्ही धरून चालला होता. पण तुमचे एक मित्र जाऊन आले आणि म्हणाले की इमारतीवर नाव क्यार्वाल यांचं, आत त्यांची मोजकी चित्रं, पुस्तकातलं गाजलेलं एकही नाही आणि अर्ध्या जागेत दुसऱ्याच कुणाचं प्रदर्शन. मग हा कसला सन्मान, क्यार्वाल यांचं ‘फ्यात्लाम्योल्क’ हे चित्र आहे तरी कुठे, आणि एवढ्या लांब जावं तरी का, असं तुम्ही विचारलंय.

जावं. अगदी जरूर जावं. फक्त कशासाठी जातोय हे आधी ठरवून जावं.

मी कागदावरच्या चित्रांचं जतन आणि प्रदर्शनांची मांडणी या कामात आहे, आधी मुंबईत आणि नंतर बरीच वर्षं युरोपात. रेक्याविकमधल्या या दोन्ही जागा मी वेगवेगळ्या ऋतूंत पाहिल्या आहेत. तुमच्या मित्रांनी जे पाहिलं ते खरंच आहे, त्यामागचं कारण मात्र त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मुळात गल्लत होते ती इथे. चित्रकाराची कारकीर्द वेगळी आणि संग्रहालयाच्या कोठारात त्याच्या नावे असलेला साठा वेगळा. चित्रकार गेला की त्याच्या मागे काय उरतं, याचा विचार करा. मी हे आपल्याकडेही पाहिलंय. एखाद्या दिवंगत चित्रकाराचे घरचे लोक बोलावतात, खोलीभर चित्रं दाखवतात आणि म्हणतात, यातूनच आयुष्यभराचं प्रदर्शन करू या. त्या खोलीत असतात वह्या, कच्ची रेखाटनं, अर्धवट सोडलेले कॅनव्हास, विकली न गेलेली चित्रं आणि त्यांनी हौसेने स्वतःकडे ठेवून घेतलेली दोन-चार. जी चित्रं लोकांना तेव्हाच आवडली ती केव्हाच विकली गेलेली असतात. ती कुणाच्या दिवाणखान्यात असतात, बँकेच्या सभागृहात असतात, कुणाच्या मुलाने परदेशी नेलेली असतात. खोलीतल्या साठ्यावरून त्या माणसाला पारखायचं तर तो आहे त्याहून एक तर फार चाचपडणारा वाटतो, नाही तर फार खासगी. म्हणून संग्रहालयात शिरताना मी पहिल्यांदा शोधते ते हेच: हा साठा इथे आला कसा? चित्रकाराने स्वतः दिला, वारसांनी दिला, की पैसे देऊन एकेक विकत घेतला?

तुमच्या दोन चित्रकारांच्या बाबतीत या एका प्रश्नाची उत्तरं वेगळी आहेत आणि दोन्ही जागांमधला बराचसा फरक त्यातून आलाय.

क्यार्वाल यांचा जन्म १८८५ चा, दक्षिण किनाऱ्यावरचा. लहानपणीच त्यांना नातेवाइकांकडे देशाच्या पार पूर्व टोकाला, बोर्गारफ्योर्दुरला पाठवलं आणि ते तिथेच वाढले. तरुणपणी मासेमारीच्या बोटींवर काम केलं. परदेशी शिकायला जाता यावं म्हणून त्यांच्याबरोबरच्या मच्छिमारांनीही हातभार लावला होता. लंडनला जाऊन त्यांनी टर्नर या इंग्रज चित्रकाराची चित्रं पाहिली, मग कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत शिकले आणि १९१८ मध्ये तिथलं शिक्षण पूर्ण केलं. १९७२ मध्ये वारले तेव्हा ते देशातले सगळ्यात लाडके चित्रकार होते. दोन हजार क्रोनांच्या नोटेवर आजही त्यांचा चेहरा आहे. लोक त्यांची चित्रं हातोहात घ्यायचे, त्यामुळे आइसलँडमधल्या कितीतरी घरांत भिंतीवर क्यार्वाल असतो. १९६८ मध्ये त्यांनी रेक्याविक शहराला जी भेट दिली त्यात हजारो वस्तू होत्या, पण त्यातली बहुतेक रेखाटनं. शहराने त्यांच्या नावाची इमारत उभारली, क्यार्वाल्सस्तादिर. हान्नेस दाविद्सोन या वास्तुरचनाकाराने ती आखली आणि क्यार्वाल गेल्यानंतर वर्षभरात, १९७३ च्या मार्चमध्ये ती उघडली. चित्रप्रदर्शनासाठी म्हणूनच बांधलेली आइसलँडमधली ती पहिली इमारत. ती शहराच्या कलासंग्रहालयाचा एक भाग आहे आणि सुरुवातीपासून तिथे इतरांचीही प्रदर्शनं भरतात. मधे उपाहारगृह, दोन बाजूंना दोन दालनं, समोर बाग. तुमच्या मित्रांना जे खटकलं ती त्या इमारतीची मूळ योजनाच आहे.

आता ‘फ्यात्लाम्योल्क’, म्हणजे ‘डोंगराचं दूध’. तुम्ही विचारलंय ते हे चित्र क्यार्वाल यांनी १९४१ मध्ये रंगवलं: थिंगवेट्लिर या प्राचीन संसदेच्या जागेवरच्या लाव्ह्यातली भेग, तिच्यातलं दुधाळ पाणी आणि भोवती हजार तुकड्यांत फुटलेला खडक. ते शहराच्या मालकीचं नाहीच. राग्नार योनसोन नावाच्या प्रकाशकाने १९६१ मध्ये आपला चित्रसंग्रह आइसलँडच्या कामगार महासंघाला दिला, त्यात ते गेलं आणि महासंघाच्या कलासंग्रहालयाच्या ताब्यात ते आजही आहे. शहराच्या संग्रहालयाला ते लावायचं असेल तर महासंघाकडून उसनं आणावं लागतं. उसनं आणणं म्हणजे नुसता फोन नव्हे. विमा, वाहतूक, नेताना आणि परत करताना चित्राच्या अवस्थेचा लेखी तपशील, दालनातल्या आर्द्रतेच्या नोंदी, आणि मालकाला तेव्हाच ते स्वतःच्या प्रदर्शनाला नको असलं पाहिजे. एखाद्या चित्रकाराच्या मोठ्या स्मृतिप्रदर्शनाला आम्ही अशी पन्नास-साठ चित्रं जमवतो तेव्हा त्यामागे दोन-तीन वर्षांची तयारी असते. म्हणून तशी प्रदर्शनं दर वर्षी होत नाहीत. तुम्ही जाल तेव्हा ‘फ्यात्लाम्योल्क’ कुठे आहे, हे महासंघाच्या संग्रहालयाला पत्र पाठवून विचारा. अशा पत्रांना छोट्या देशांतली संग्रहालयं आपुलकीने उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

काही कामं तर उसनीही आणता येत नाहीत. क्यार्वाल यांनी १९२४-२५ च्या सुमाराला लांड्सबांकी या बँकेच्या रेक्याविकमधल्या जुन्या इमारतीत भिंतीवर खारवलेल्या माशांचं काम करणारी माणसं रंगवली. ती भिंतीवरच आहेत. उलट १९३३ मध्ये आउस्तुरस्त्राइती रस्त्यावरच्या आपल्या कामाच्या खोलीच्या भिंती त्यांनी वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरून टाकल्या होत्या. ‘लीव्स्ह्लौपिद’, म्हणजे आयुष्याचा प्रवास, असं त्या कामाला म्हणतात. ते भिंतींवरून उतरवून जपलं गेलं आहे. तुमच्या भेटीच्या वेळी ते कुठे लावलेलं असलं तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तिथे जा. एक माणूस स्वतःच्या कामाच्या जागेत, कुणीही मागितलेलं नसताना, भिंतीशी काय बोलतो ते तिथे दिसतं. तसं चित्र विकण्यासाठी काढता येत नाही.

आउस्ग्रीमुर यांची गोष्ट निराळी. ते क्यार्वाल यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, १८७६ चा जन्म, दक्षिणेकडच्या सपाट शेतीच्या मुलखात. १८९७ मध्ये कोपनहेगनला गेले, आधी काम करून पोट भरलं आणि १९०० ते १९०३ अकादमीत शिकले. १९०३ मध्येच रेक्याविकला पहिलं प्रदर्शन भरवलं. १९०८ मध्ये इटलीला गेले, परतताना जर्मनीत त्यांना फ्रेंच इम्प्रेशनिस्टांची चित्रं पाहायला मिळाली, आणि १९०९ पासून मायदेशी स्थिरावले. चित्रकला हाच पेशा करून जगणारे पहिले आइसलँडर म्हणून त्यांचं नाव घेतात. १९५२ मध्ये त्यांनी आपलं घर आणि स्वतःजवळची सगळी चित्रं राष्ट्राला देऊन टाकली. १९५८ मध्ये ते गेले, १९६० मध्ये बेर्गस्तादास्त्राइती ७४ हे त्यांचं घर संग्रहालय म्हणून खुलं झालं आणि १९८८ मध्ये ते राष्ट्रीय कलादालनात विलीन झालं.

हे घर त्यांनी १९२८ मध्ये बांधलं. खाली राहायच्या खोल्या, वर चित्रं काढायची जागा. कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे यांनी आपलं घर चित्रांसकट सरकारला दिलं, ते तुम्ही पाहिलं असेल तर इथे पाऊल टाकल्यावर लगेच सगळं ओळखीचं वाटेल. घरात चित्रकाराचं प्रदर्शन करण्याची मोठी सोय अशी की चित्राचा आकार कळतो. इतक्या रुंद जिन्यावरून किती मोठा कॅनव्हास खाली नेता येईल, उत्तरेच्या खिडकीतून किती उजेड येईल, टेबलावर किती मोठा कागद मावेल, हे तिथे उभं राहिलं की आपोआप समजतं. अडचण अशी की भिंती थोड्या आणि छोट्या. त्यामुळे तिथे एका वेळी थोडीच चित्रं लागतात. मोठी तैलचित्रं, १९०९ मधलं ‘हेक्ला’सारखं, राष्ट्रीय कलादालनाच्या मुख्य संग्रहात आहेत. ते दालन गावातल्या तळ्याच्या काठी आहे, १९१६ मध्ये तळ्यातला बर्फ साठवायला बांधलेल्या बर्फघरात.

क्यार्वाल यांचं बरंचसं उत्तम काम लोकांनी विकत घेतलं आणि ते देशभर पसरलं. आउस्ग्रीमुर यांनी आपली कितीतरी चांगली चित्रं, विशेषतः जलरंग, स्वतःजवळच राखली आणि ती एकगठ्ठा राष्ट्राकडे आली. एकाचा संग्रह कच्च्या रेखाटनांनी जड आहे, दुसऱ्याचा पुऱ्या झालेल्या चित्रांनी. तुमच्यासारख्या शिकवणाऱ्या माणसाला यातलं पहिलं जास्त उपयोगी पडेल, असं माझं मत आहे. पक्कं चित्र पुस्तकातही पाहता येतं. हात चुकतो कुठे, रेघ परत कुठे फिरवली, एकाच चेहऱ्याकडे तीनदा का जावंसं वाटलं, हे मूळ रेखाटनाशिवाय कळत नाही.

इथवर आपण पाहिलं की चित्रं थोडी का, आणि हवी तीच का नाहीत. आता दुसरं कारण. माझा पेशाच तो असल्यामुळे मी यावर थोडं जास्त बोलणार आहे. ते कारण आहे उजेड.

जलरंग आणि रेखाटनं सतत भिंतीवर ठेवता येत नाहीत. उजेडाने होणारं नुकसान साचत जातं आणि ते परत भरून काढता येत नाही. अंधारात ठेवलं म्हणजे उडालेला रंग परत येत नाही, फक्त पुढचं उडणं थांबतं. म्हणून कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा आम्ही पाळतो. तैलचित्रांना १५० ते २०० लक्सपर्यंत चालतं. अंदाज यावा म्हणून सांगते, लख्ख उन्हात बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. आता हिशेब करा. ५० लक्सखाली रोज ८ तास, ९० दिवस चित्र लावलं तर ३६,००० लक्स-तास होतात. दुप्पट उजेड दिला तर तेवढंच नुकसान निम्म्या दिवसांत. म्हणून एखादा जलरंग तीन-चार महिने दाखवला की तो काढायचा, अंधाऱ्या खणात ठेवायचा आणि पुढची बरीच वर्षं बाहेर काढायचा नाही. हजारो रेखाटनं ज्या संग्रहात आहेत त्याला हाच नियम लावला की मग ‘कायमचं प्रदर्शन’ उरतच नाही. क्यार्वाल्सस्तादिरमध्ये क्यार्वाल यांची चित्रं नेहमी असतात, पण दर वेळी विषय बदलून, निवड बदलून. तुमच्या मित्रांनी जे पाहिलं त्यातलं कदाचित काहीच तुम्हाला दिसणार नाही, आणि तुम्हाला दिसेल ते त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

सगळ्याच रंगांना सारखा धोका नसतो. मातीचे रंग, गेरू, कावीचे पिवळे, हे टिकाऊ. जीव मुठीत धरावा लागतो तो मंजिष्ठेसारख्या वनस्पतीपासून केलेल्या गुलाबी-लाल छटांसाठी आणि नीळ वापरून केलेल्या आभाळासाठी. जलरंगात संध्याकाळचं आभाळ रंगवताना चित्रकार नेमका हाच गुलाबी अगदी पातळ करून वापरतो. थर पातळ, म्हणजे रंगाचे कण थोडे, म्हणजे उडायला वेळ लागत नाही. जुन्या जलरंगात आभाळ राखाडी आणि बर्फ पिवळट दिसला तर तो चित्रकाराचा विचार होता की शंभर वर्षांच्या उजेडाचा परिणाम, हे ओळखायला एक साधी जागा आहे: माउंटखाली, म्हणजे चित्राभोवती लावलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली चित्राची कड. तिथे मूळ रंग जिवंत असतो. प्रदर्शनात ती कड दिसत नाही, पण जुना माउंट बदलून नवा थोडा मोठा लावलेला असेल तर चित्राच्या चारी बाजूंनी जरा गडद रंगाची बारीक पट्टी दिसते. आउस्ग्रीमुर यांच्या घरात जलरंगासमोर उभे राहाल तेव्हा आधी कडेला पाहा आणि मग आभाळाकडे.

जूनमध्ये रेक्याविकला सूर्य जवळजवळ मध्यरात्री मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. बाहेरच्या त्या उजेडातून एकदम ५० लक्सच्या खोलीत शिरलं की पहिली काही मिनिटं सगळं मळकट दिसतं. पुष्कळ लोक तेवढ्यातच खोली संपवून बाहेर पडतात आणि चित्रं फिकी होती म्हणतात. खोलीत जाऊन बाकावर बसा. पाच-दहा मिनिटं काही पाहू नका. डोळे सरावले की रंग वर येतात.

आता मांडणी. आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन जन्म ते मृत्यू अशा क्रमाने लावायचं, की विषयाने? हे माणसावर अवलंबून आहे आणि या दोघांच्या बाबतीत माझं उत्तर वेगवेगळं आहे. आउस्ग्रीमुर यांना काळाचा क्रम शोभतो. सुरुवातीचे शांत, पारदर्शक जलरंग, दूरवरचे पर्वत, स्वच्छ हवा. इटलीनंतर रंग मोकळे होत जातात. आणि १९४० च्या दशकात हूसाफेत्ल परिसरातल्या भूर्जांच्या रानात काढलेल्या चित्रांत रंग अक्षरशः पेटतात. १९४५ च्या सुमाराचं ज्वालामुखीपासून पळणाऱ्या माणसांचं आणि घोड्यांचं चित्र पाहिलं आणि मग त्याच हाताने १९०९ मध्ये काढलेला ‘हेक्ला’ पाहिला तर मधल्या काळात काय घडलं याची उत्कंठा लागते. त्यासाठी क्रम हवा.

क्यार्वाल यांना क्रमात बसवायला गेलं तर ते हातातून निसटतात. एकाच सुमाराला ते क्यूबिझमच्या, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या शैलीच्या, वाटेने खडक फोडत असतात, कुणा शेतकऱ्याच्या चेहऱ्याचं एकेका सुरकुतीसकट रेखाटन करत असतात, आणि तिसरीकडे हवेत तरंगणाऱ्या स्त्रिया आणि खडकातून डोकावणारे अर्धे चेहरे रंगवत असतात. एकाच जागेकडे पुन्हा पुन्हा जायची त्यांना सवय होती. रेक्याविकजवळच्या गाउल्गाह्रौइन या लाव्ह्याच्या पट्ट्यात तेच खडक त्यांनी कितीदा तरी रंगवले. अशा माणसाचं प्रदर्शन मी लावलं तर एक खडक घेईन आणि वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या हवेतली त्याची सात-आठ चित्रं शेजारी शेजारी टांगेन. थोडी चित्रं, एक धागा. क्यार्वाल्सस्तादिरमध्ये अशा विषयवार निवडी पाहायला मिळतात त्या मला म्हणूनच योग्य वाटतात. तीनशे चित्रांचं भव्य प्रदर्शन पाहून बाहेर पडलेल्या माणसाला शेवटी पाच आठवतात, आणि ती कोणती हे प्रदर्शन लावणाऱ्याने नव्हे, पाहणाऱ्याच्या थकलेल्या पायांनी ठरवलेलं असतं.

सन्मानाबद्दल तुम्ही जे विचारलंत त्यावर माझं म्हणणं हेच. ज्याच्या नावाने इमारत आहे त्याचं काम दर वर्षी नव्याने उघडून, नव्या कुणीतरी वाचून मांडणं, आणि शेजारच्या दालनात आजच्या चित्रकाराला जागा देणं, यापेक्षा चित्रकाराचा मोठा मान मला सुचत नाही. रोज तीच चाळीस चित्रं, त्याच खिळ्यांवर, रंग उडेपर्यंत टांगून ठेवली की पाहणारे येईनासे होतात. ती चित्रं मग फक्त भिंतीचा भाग होऊन राहतात.

चार दिवसांचं कसं करावं, याबद्दल. रेक्याविकला पोचण्याआधी कोपनहेगनमध्येच सुरुवात करा. दोघंही ज्या अकादमीत शिकले ती शार्लोटेनबोर्ग राजवाड्यात, मुलीला विचारा, शहराच्या मध्यावरच आहे. आइसलँडमध्ये तेव्हा कलाशाळा नव्हती, आणि त्यांचं राष्ट्रीय कलासंग्रहालयदेखील १८८४ मध्ये कोपनहेगनमध्येच स्थापन झालं होतं. डॅनिश चित्रकारांचे एकोणिसाव्या शतकातले निसर्ग आधी पाहून घ्या, म्हणजे या दोघांनी तिथून काय उचललं आणि काय टाकलं ते पुढे कळेल.

रेक्याविकमध्ये पहिल्या दिवशी आउस्ग्रीमुर. तळ्याकाठचं राष्ट्रीय दालन, तिथून चालत त्यांचं घर. घर मर्यादित वेळीच उघडं असतं, तेव्हा दिवस त्याच्या वेळेवरून ठरवा, विमानाच्या वेळेवरून नको. आधी त्यांना पाहायचं कारण असं की त्यांची नजर दूर जाते. पुढे मैदान, मग नदी, मग दूर निळा-पांढरा पर्वत आणि वर भरपूर आभाळ. देश अजून डेन्मार्कच्या राजाखाली होता, १९०४ मध्ये अंतर्गत कारभार मिळाला, १९१८ मध्ये सार्वभौमत्व, १९४४ मध्ये प्रजासत्ताक. ‘हे आपलं आहे’ असं लोकांना दाखवणारी ती चित्रं आहेत, आणि दाखवायचं तर आधी लांबून, सगळं एकत्र दाखवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी क्यार्वाल. इथे नजर खाली येते. क्षितिज चित्राच्या वरच्या कडेशी ढकललेलं असतं, कधी नसतंच, आणि बाकी सगळा कॅनव्हास पायाखालच्या लाव्ह्याने आणि शेवाळाने भरलेला. एक हात अंतरावर जा, अर्थात रखवालदार जेवढं जाऊ देईल तेवढं. लांबून राखाडी वाटणाऱ्या खडकात तिथे जांभळा, विटकरी, फिकट हिरवा असे छोटे छोटे फटकारे सुटे सुटे दिसतील, एकमेकांत न मिसळलेले. मग हळूहळू मागे सरका. कोणत्या पावलाला ते फटकारे दगड होतात ते शोधा. चांगल्या चित्रात ती जागा नेमकी असते आणि तुमच्या विद्यार्थ्यांना हे एवढं जरी सांगितलंत तरी सहल सत्कारणी लागली.

आणि तिसऱ्या दिवशी थिंगवेट्लिर. रेक्याविकहून तासाभराच्या आत पोचता येतं. प्राचीन संसदेची जागा म्हणून सगळे तिथे जातात. १९३० मध्ये तिथे संसदेच्या हजाराव्या वर्षाचा मोठा उत्सव झाला आणि त्याच सुमारापासून क्यार्वाल तिथला लाव्हा रंगवायला लागले. लोक दरीकडे आणि सरोवराकडे बघून फोटो काढत असतील. तुम्ही पायाकडे बघा. पाऊस पडून गेला असेल तर फारच उत्तम, ओल्या शेवाळात रंग उठून दिसतात. हा दिवस क्यार्वाल यांच्या आधी ठेवू नका. आधी चित्र, मग जागा, असं केलं तर चित्राने तुमच्या डोळ्यांना काय शिकवलं ते तिथे तपासून पाहता येतं.

चौथा दिवस मोकळा ठेवा आणि क्यार्वाल्सस्तादिरला परत जा. शहराच्या संग्रहालयाच्या तीन इमारती आहेत आणि एकच तिकीट तिन्हीकडे चालतं, त्याची मुदत खिडकीवर विचारून घ्या. पुस्तकांच्या दुकानात आणि सूचींमध्ये एक लक्षात ठेवा: आइसलँडमध्ये माणसं पहिल्या नावाने लावतात. ‘योनसोन’खाली शोधलंत तर आउस्ग्रीमुर सापडणार नाहीत, ‘आउस्ग्रीमुर’खाली सापडतील. क्यार्वाल हे मात्र त्यांनी स्वतः घेतलेलं नाव, तेव्हा दोन्हीकडे पाहा.

हातात आणखी दोन दिवस काढता आले, तर विमानाने पूर्वेला एगिल्सस्तादिरला जा आणि तिथून गाडीने साधारण ७० किलोमीटरवर बाक्कागेर्दीला. क्यार्वाल वाढले त्या बोर्गारफ्योर्दुरमधलं हे गाव. तिथल्या छोट्या चर्चमध्ये १९१४ चं त्यांचं वेदीचित्र आहे: येशू उपदेश करतोय तो पॅलेस्टाइनमधल्या टेकडीवर नव्हे, तर गावातल्याच अदृश्य लोकांची वस्ती मानलेल्या खडकावर, आणि मागे गावचेच डोंगर. बिशपांना ते पसंत पडलं नाही असं सांगतात, गावाने मात्र ते ठेवलं. कोणत्याही प्रदर्शनाला ते कधी पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चर्चमधून बाहेर आलं की तो खडक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चर्च उघडं आहे का, हे गावात शिरल्यावर आधी विचारून घ्या.